बॅटरीचा ग्रास कटर घेऊ की पेट्रोलचा? नागपूरकडच्या नवख्या माणसासाठी पायरीपायरीने

आधी दुकानात जाऊ नका आणि मोबाइलवर किमतीही बघू नका. रविवारी सकाळी तुमच्या जागेवर जा, जे काम मशीनकडून करून घ्यायचं आहे ते नीट बघा आणि दोनच गोष्टी कागदावर लिहा. हे काम एका दमात किती मिनिटं चालेल, आणि तिथून जवळचा चालू प्लग पॉइंट किती लांब आहे. बॅटरी की पेट्रोल हा प्रश्न निम्म्याहून जास्त याच दोन आकड्यांवर सुटतो.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे आणि राहायला नागपूरच्या बेसा भागात. बागेत पेट्रोलचा ग्रास कटर बरीच वर्षं चालवला, घरी आता बॅटरीचा आहे, आणि दोन्ही ठेवून राहिलो कारण दोघांचं काम वेगळं आहे. पाऊस लागला की ओळखीतल्या लोकांचे फोन सुरू होतात, भाऊ कोणती मशीन घेऊ, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागते म्हणून हे एकदाच नीट लिहून काढलं.

पायरी १ : मिनिटं मोजा

नवख्या माणसाला अंदाज येत नाही, त्याला वाटतं पंधराशे फुटांचा प्लॉट म्हणजे दहा मिनिटांचं काम. हराळी असेल तर असेलही. पण ऑगस्टात तोच प्लॉट कमरेएवढ्या तरोट्याने (टाकळ्याने) आणि गाजरगवताने भरलेला असला, मध्ये कोणीतरी टाकलेला मलबा असला, तर तासभर कुठे गेला समजत नाही. म्हणून सोपा उपाय म्हणजे एकदा भाड्याने मशीनवाला माणूस बोलवा, त्याला पैसे द्या आणि बाजूला उभं राहून घड्याळ बघा. तो किती वेळ खरंच कापतो, किती वेळा थांबतो, कुठे पातं लावतो आणि कुठे पात्याऐवजी नायलॉनची तार, हे सगळं लिहून ठेवा. तुम्ही नवे आहात, तुम्हाला त्याच्या दीडपट वेळ लागेल असं धरा.

मग बघा. काम अर्ध्या तासाच्या आत आटपत असेल आणि घर जवळ असेल तर पुढचं फार वाचायची गरज नाही, बॅटरी घ्या. सलग दोन-तीन तास असेल आणि शेतात असेल तर पेट्रोल. खरा घोळ मधल्यांचा असतो, तास-दीड तास काम, प्लॉटवर वीज नाही पण घर पाच किलोमीटरवर. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

पायरी २ : डब्यावरचे आकडे वाचायला शिका

बॅटरीच्या डब्यावर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोघांचा गुणाकार करा, जो येईल तो वॅट-अवर, म्हणजे त्या पॅकमध्ये खरंच किती वीज मावते ते. बाकी सगळी जाहिरात बाजूला ठेवून हाच एक आकडा धरायचा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे ९० वॅट-अवर. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे १४४. एक युनिट वीज म्हणजे १००० वॅट-अवर, म्हणजे हा दुसरा पॅक पूर्ण भरायला चार्जरमधली घट धरूनही युनिटचा पाचवा-सहावा हिस्साच लागतो.

आता इथे एक गंमत आहे जी दुकानात कोणी समजावून सांगत नाही. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला की ४.२ होतो. पाच सेल ओळीत जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून एका कंपनीचा १८, दुसरीचा २० आणि तिसरीचा २१ व्होल्ट लिहिलेला पॅक, हे तिन्ही आतून पाच सेलवाले एकच घराणं असतं. तसंच ३६ आणि ४० चं. २० वाला १८ पेक्षा ताकदवान असं समजून जास्त पैसे देऊ नका. आणि ऑनलाइन स्वस्तात जे ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ लिहिलेले पॅक मिळतात तो आकडा व्होल्ट नसतोच, आत बहुतेक तेच पाच सेल असतात. पॅक उलटा करून बारीक अक्षरातलं वॅट-अवर बघा, ते लिहिलेलंच नसेल तर तो पॅक सोडून द्या.

आता ताकद. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. गवत कापायची पेट्रोल मशीन साधारण सव्वा ते दोन एचपीची असते, म्हणजे पूर्ण जोर लावला तर हजार वॅटच्या आसपास किंवा वर. १४४ वॅट-अवरच्या पॅकला हजार वॅटने पिळलं तर तो नऊ मिनिटंही टिकणार नाही. घाबरू नका, गवत कापताना सतत पूर्ण जोर लागत नाही, म्हणून तोच पॅक कोवळ्या गवतात वीस-पंचवीस मिनिटं जातो, पण जाड दांड्याच्या तरोट्यात पातं लावून घुसवला की झपकन उतरतो. डब्यावर लिहिलेला ‘४५ मिनिटं’ हा आकडा सगळ्यात हलक्या स्पीडचा असतो. मी त्याच्या अर्धा धरतो.

पेट्रोलचं गणित उलट्या बाजूने बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटएवढी ऊर्जा असते. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात त्यातली बहुतेक गरमी होऊन उडून जाते, पात्यापर्यंत पाचवा हिस्सा आला तरी खूप. तरीसुद्धा तो उरलेला हिस्सा म्हणजे आपल्या १४४ वाल्या दहाएक पॅकएवढा होतो. एका लिटरच्या बाटलीत दहा पॅक! शेतात पेट्रोल अजून का टिकून आहे याचं सगळं उत्तर यातच आहे. आमच्या बागेतल्या गड्याने बॅटरीची मशीन पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा म्हणाला, भाऊ, हे तं हलकी हाय, पण दुपारपावतो पुरंन का? तो बरोबर बोलला होता, नाही पुरली.

पायरी ३ : पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते ठरवा

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळून टाकावं लागतं, इंजिनाला तेल मिळायचा तोच एक रस्ता. प्रमाण मशीनच्या टाकीवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिली, ४० ला १ असेल तर २५ मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. हे अंदाजपंचे टाकायचं नाही, मेडिकलमधून मिलीच्या खुणा असलेली सिरिंज आणा, दहा रुपयांची वस्तू आहे पण इंजिन वाचवते. आमच्या शेजारच्या बागेत एका मजुराने घाईत साधं पेट्रोल भरलं, मशीन आधी छान चालली, मग आवाज बदलला आणि बंद पडली ती पडलीच, पिस्टन जाम. दुरुस्ती आणि नवी मशीन यात फारसा फरक उरला नव्हता.

फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल वेगळं आणि इंजिन ऑइल वेगळं. होंडाचं जीएक्स ३५ हे छोटं इंजिन तुम्ही पाहिलं असेल, ३५ सीसीचं, त्यात जेमतेम १०० मिली ऑइल बसतं. वजन थोडं जास्त, पण धूर कमी, आवाज जाडसर आणि मिश्रणाची कटकट नाही. घरचाच माणूस चालवणार असेल तर मी फोर-स्ट्रोक सांगतो. रोज वेगवेगळे मजूर चालवणार असतील तर झाकणावर पेंटने मोठ्या अक्षरात लिहा, ‘फक्त पेट्रोल’ किंवा ‘तेल मिसळलेलं पेट्रोल’. आणि दोन्ही प्रकारच्या मशीन एकाच घरात असल्या तर कॅनही वेगळ्या रंगाचे.

आता पेट्रोलबद्दल सगळ्यात महत्त्वाचं. हल्ली पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवेत ओलच ओल. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि कार्बोरेटर नेमकं तळातलंच ओढतो. छोट्या इंजिनांच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्या हिशोबाने बनवलेले असतात. मग उपाय काय, तर मशीनमध्ये पेट्रोल झोपू द्यायचं नाही. लागेल तेवढंच आणा, मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवा, काम झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. ‘गेल्या वर्षी चांगली होती, यावर्षी दोरी ओढून ओढून हात दुखला’ अशा तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मी आधी हेच विचारतो, दिवाळीनंतर टाकी रिकामी केली होती का. बहुतेक वेळा नसते केलेली.

आणि सुटं पेट्रोल आणायला प्लास्टिकची बाटली घेऊन पंपावर जाऊ नका, देत नाहीत आणि देऊही नये. घट्ट झाकणाचा धातूचा कॅन घ्या.

पायरी ४ : कोणतं अवजार कशावर

सगळंच बॅटरीवर किंवा सगळंच पेट्रोलवर असा हट्ट धरू नका, अवजारागणिक उत्तर बदलतं.

फवारणी पंपाचं तर आपल्या विदर्भात कधीच ठरून गेलं, गावोगाव पाठीवर चार्जिंगचाच पंप दिसतो. म्हणजे बॅटरीची सवय शेतकऱ्याला आहेच, फक्त एक लक्षात ठेवा की जुन्या चार्जिंग पंपात बहुतेक लेड-ॲसिड बॅटरी असते, १२ व्होल्ट ८ किंवा १२ अँपिअर-अवरची, तिला रिकामी ठेवली की ती मरते, म्हणून ती नेहमी भरून ठेवायची. लिथियमचं उलटं, तिला महिनोन्महिने पूर्ण भरून ठेवलेलं आवडत नाही. पंपाची सवय घेऊन लोक लिथियमचा पॅक वर्षभर फुल चार्ज करून कपाटात ठेवतात आणि मग म्हणतात बॅटरी लवकर उतरते.

फांद्या छाटायला बॅटरीची छोटी चेनसॉ, चार ते सहा इंची, ही माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू. संत्र्यात तोडणी झाल्यावर सल काढायची असते, वाळलेल्या काड्या आणि फांद्या, त्यात एका झाडाला मिनिटभर मशीन चालते आणि मग पुढच्या झाडाकडे जायचं. अशा थांबून-थांबून कामात पेट्रोल इंजिन नुसतं घुरघुरत धूर करतं, बॅटरी मात्र बटण सोडलं की शांत. एका पॅकमध्ये सकाळ निघते. पण चेन बॅटरीवर फिरली तरी तिला तेल लागतंच, बारवरचं, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्यावरचं, तेल संपलं की चेन तापून ढिली होते. आणि फांदी कापल्यावर मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायला विसरू नका, नाहीतर मशीन कितीही चांगली असली तरी बुरशीला दार उघडं करून दिलं असं होईल.

मोठं बाभळीचं किंवा कडुलिंबाचं खोड पाडायचं असेल तर ते पेट्रोल चेनसॉचं आणि अनुभवी माणसाचं काम आहे, नवख्याने हात घालू नये. शहरात असाल तर त्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागू होतो.

लॉन मोवर घरापुढच्या हिरवळीला ठीक, तिथे बॅटरीच. रिकाम्या प्लॉटवर नको, आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकं रुततात.

पाला उडवायचा ब्लोअर मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंब झडतो तेव्हा लागतो. अंगणाएवढं असेल तर बॅटरी. पण हे अवजार सतत पूर्ण जोरावर चालतं, पॅक सगळ्यात लवकर हेच खातं, म्हणून सोसायटीच्या मोठ्या आवाराला एका पॅकवर भागणार नाही.

खड्डे खणायचा ऑगर आणि तण काढायचा पावर वीडर, इथे आज तरी इंजिनच घ्या. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती काय चीज आहे हे ज्याने पहार मारली त्याला माहीत आहे.

राहिला ग्रास कटर. घर, बंगला, जवळचा प्लॉट, शाळेचं छोटं मैदान, इथे ३६-४० व्होल्टचा बॅटरीवाला दोन पॅकसह. एक एकरापुढची बाग, बांध, रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं, भाड्याने चालवायचा धंदा, इथे पेट्रोल. मधल्यांसाठी माझं मत असं आहे की दोन पॅकवर काम उरकत असेल तर बॅटरी, तिसरा पॅक लागून राहिला तर पेट्रोल, कारण तीन पॅकच्या पैशात चांगली फोर-स्ट्रोक मशीन जवळ येऊन जाते.

पायरी ५ : शेतात चार्जिंगचं काय, ते आधीच ठरवा

शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजलाइनला, बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासच वीज मिळते, त्यामुळे शेतातल्या पंपघरात चार्जर लावू या भरवशावर बॅटरीची मशीन घेऊ नका. घरी रात्री चार्ज करून न्यायचं असाच हिशोब धरा. फास्ट चार्जर कित्येकदा चार-पाचशे वॅट ओढतो, छोट्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो लावायच्या आधी चार्जरवरचे वॅट वाचा.

पायरी ६ : पैशाचा खरा हिशोब

पेट्रोल मशीन जोरात चालली तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घेते, पेट्रोल शंभराच्या वर आहे, तेल धरून तासाला ऐंशी-नव्वद रुपये. तेवढंच काम बॅटरीवर केलं तर दीड-दोन युनिट, दहा-बारा रुपये युनिट धरलं तरी वीस-पंचवीस रुपयांत भागतं. तासाला साठेक रुपये वाचले.

पण वर्षात तुम्ही वीस तासच चालवणार असाल तर वाचले बाराशे. नवीन पॅक त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून घरच्या माणसाने पैसे वाचतील म्हणून बॅटरी घेऊ नये, चार महिन्यांनी बटण दाबलं की चालू होते, कार्बोरेटर साफ करायला मेकॅनिक शोधावा लागत नाही, आई किंवा सासरेही चालवू शकतात, यासाठी घ्यावी. आणि जो रोज चालवतो त्याचे तास जास्त म्हणून बचतही जास्त दिसते, पण त्याला दिवसभराला इतके पॅक लागतील की भांडवलच अडकेल. हा पेच अजून सुटलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

काही दुकानदार म्हणतात, अमेरिकेत पेट्रोलवाल्या बंद झाल्या, इथेही होतील, लवकर बॅटरी घ्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून अशा छोट्या इंजिनांच्या नव्या मशीनना धुराचा इतका कडक नियम लागला की पेट्रोलवाल्या त्यात बसतच नाहीत, हे खरं आहे, २०२१ मध्ये तिथे तसा कायदा झाला. आपल्याकडे तसं काही नाही. त्या धाकाने निर्णय घेऊ नका.

शेतकरी असाल तर राज्य सरकारच्या अनुदानाच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या यादीत तुमचं अवजार आहे का बघा, आणि पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, नाहीतर अनुदान हातचं जातं.

पायरी ७ : दुकानात काय करायचं

पहिला प्रश्न मशीनची किंमत विचारू नका, नुसत्या पॅकची किंमत विचारा. आणि तो आत्ता स्टॉकमध्ये आहे का. पॅक एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही, म्हणून पहिली मशीन घेताना तुम्ही खरं तर एका घराण्यात सोयरीक करून राहिलेत. त्याच पॅकवर चेनसॉ, ब्लोअर, ड्रिल काय काय चालतं ते विचारा. मग दुसरं अवजार घेताना नुसती बॉडी घ्यायची, तिथे खरे पैसे वाचतात.

मशीन पॅक लावून, पट्टा अंगावर घालून पाच मिनिटं दुकानात उभं राहा. वजन आकड्यात नाही कळत, खांद्याला कळतं. पातं जमिनीपासून चार बोटांवर तरंगलं पाहिजे, पुढे लटकलं किंवा वर उडालं तर पट्ट्याचा हुक सरकवून घ्या.

वॉरंटी मशीनची वेगळी, पॅकची वेगळी, आणि घरगुती वापराची वेगळी नि धंद्याची वेगळी असते, बिलावर लिहून घ्या. सर्व्हिस नागपुरात होते की मशीन पुण्या-मुंबईला पाठवतात, हेही.

पायरी ८ : पहिला दिवस

गमबूट, जाड पँट, चष्मा हे दोन्ही प्रकारात लागतं. बॅटरीवाली शांत म्हणून पातं कमी धारदार होत नाही, खडा तेवढ्याच वेगाने डोळ्यात जातो. पेट्रोलवालीला कानात बोळे किंवा इअरमफ सक्तीचे.

मशीन चालू करायच्या आधी काठी घेऊन पूर्ण प्लॉट पायी फिरा, काठी आपटत. साप असेल तर निघून जाईल, आणि सळ्या, बाटल्या, लेआउटचे दगड दिसतील. बागेत असाल तर ठिबकच्या नळ्या आधी उचलून झाडाच्या ओळीत घ्या, पहिल्याच दिवशी चार-पाच ठिकाणी नळी कापणारे मी पाहिले आहेत.

तार की पातं? कोवळं गवत, हराळी, भिंतीच्या कडा, दगड जवळ असतील तिथे नायलॉनची तार. जाड दांडा, तरोटा, झुडूप तिथे तीन दातांचं पातं. पात्याच्या नटाचे आटे बहुतेक उलटे असतात, सोडताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, हे माहीत नसल्याने लोक जोर लावून नट खराब करतात. आणि हे करताना पॅक काढून ठेवा, पेट्रोलवाली असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा. बॅटरीवाल्या मशीनचा धोका हाच आहे की ती बंद दिसते पण बोट बटणावर पडलं की क्षणात फिरते.

बहुतेक मशीनमध्ये पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जा, गवत कापलेल्या बाजूला पडत जातं. पात्याचा समोरचा-उजवा कोपरा कशालाही टेकवू नका, तिथे दगड किंवा खुंट लागला की मशीन झटका देऊन बाजूला उडते. आजूबाजूला पंधरा मीटरवर माणूस, पोर, गाडी काही नको.

संत्र्याच्या खोडाजवळ तर मशीन नेऊच नका. दोन हात अंतर सोडा आणि तिथलं गवत विळ्याने काढा. नायलॉनच्या तारेने खोडाची साल सोलली जाते, आधी दिसत नाही, मग त्याच जखमेतून डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागतो आणि दहा वर्षांचं झाड पिवळं पडतं. आमची तीन झाडं अशी गेली. मशीनचा सगळा फायदा त्या तीन झाडांनी खाऊन टाकला, म्हणून हे मी प्रत्येकाला सांगतो.

आवाजाचा नियमही लक्षात असू द्या, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ अशी मर्यादा २००० सालच्या नियमात आहे. दोन्ही मशीन जवळून त्याच्या वरच असतात, पण पेट्रोलवालीचा आवाज चार घरं ओलांडून जातो, बॅटरीवालीचा सहसा कुंपणापाशी विरतो. मेमध्ये आठ वाजल्यानंतर बाहेर काम होत नाही, काम सहा ते आठ याच वेळात, आणि तेव्हा लेआउटमध्ये लोक कूलरसमोर झोपलेले असतात. मला बॅटरी पटली ती इथे.

पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या, भरल्याच्या जागेपासून तीन-चार मीटर लांब नेऊन चालू करा, आणि जवळ बिडी-सिगारेट कोणाचीच नको. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून बघायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पायरी ९ : नागपूरच्या हवामानात सांभाळ

बॅटरीचा शत्रू आपला उन्हाळा. लिथियमच्या पॅकला साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असं कंपन्याच लिहितात, आणि मेअखेरीच्या नवतपात आपल्याकडे सावलीतच पारा तिथे असतो. म्हणून एप्रिल ते जून रात्री उशिरा किंवा पहाटे घरातल्या थंड खोलीत चार्ज करा, टिनाच्या शेडमध्ये नाही, आणि कूलरच्या ओल्या झोतातही नाही. काम करून आणलेला पॅक हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास तसाच ठेवा आणि मग चार्जरला लावा. चार्जरवर लाइट लुकलुकला तर तो बिघडलाच असं नाही, बऱ्याचदा पॅक थंड व्हायची वाट बघत असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत पॅक कधीच विसरू नका.

लांबच्या सुट्टीवर ठेवताना पॅक निम्मा भरलेला ठेवा, मशीनमधून काढून. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पावसात भिजलेला, पडून फुगलेला किंवा कवच तडकलेला पॅक चार्ज करायचा नाही, आणि घंटागाडीतही टाकायचा नाही, २०२२ च्या नियमाप्रमाणे जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी कंपनीवर आहे, दुकानात देऊन या. सेल बदलून नवी करून देतो म्हणणाऱ्यापासून लांबच राहा, आतलं सर्किट आणि सेल जुळले नाहीत तर आग लागते.

पेट्रोलवालीचा शत्रू पावसाळा आणि आळस. एअर फिल्टर दर दहा-पंधरा तासांनी झटका किंवा धुवा, गाजरगवताची बारीक फुलं त्यात जाऊन बसतात. स्पार्क प्लग वर्षातून एकदा बघा. गिअर हेडमध्ये, म्हणजे पात्याच्या वरच्या गिअरच्या डब्यात, ग्रीस वीस-पंचवीस तासांनी, हे बॅटरीवाल्या मशीनलाही लागू आहे जिथे गिअर हेड आहे, लोक तिथे काहीच करायचं नसतं असं समजतात. फोर-स्ट्रोकचं ऑइल पहिल्यांदा दहा तासांनी बदला, नंतर पुस्तकाप्रमाणे.

आणि गाजरगवत फुलावर यायच्या आधी कापा, जुलैतच, तेव्हा ते कोवळं असतं, बॅटरीच्या मशीनने आणि नायलॉनच्या तारेनेही निघतं. ऑगस्टपर्यंत थांबलात तर फुलं आली, अंगाला खाज, श्वासाला त्रास, दांडा जाड, आणि एका पॅकचं काम तीन पॅकवर गेलं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना मोठी मशीन नकोच होती, त्यांना तीन आठवडे आधी सुरुवात करायची होती.